पनामाची दारं आणि अण्णा

आमचे अण्णा उजनीच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते. पाळी सुटली की दार किती उचलायचं, टेलच्या शेतापर्यंत पाणी पोचलं का, यातच त्यांची सगळी नोकरी गेली. मी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. रजेवर सोलापूरला आलो की ते बंदरांबद्दल फारसं विचारत नाहीत. पनामा कालवा म्हटल्यावर मात्र उठून बसले.

2023 चा नोव्हेंबर. इकडं उजनी त्या पावसाळ्यात भरलीच नव्हती, तिकडं पनामातही पाऊस रुसलेला. रोज 36 जहाजं सोडणाऱ्या कालव्यानं ती 24-25 वर आणली होती. पॅसिफिकच्या बाजूला नांगर टाकून आम्ही नऊ दिवस थांबलो. मग पहाटे पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा तिथला माणूस, चढला. इतर ठिकाणी पायलट सल्ला देतो, इथं जहाजाचा ताबाच घेतो. अमेरिकाज पुलाखालून आत शिरलो आणि मिराफ्लोरेसची दारं दिसली. या दारांमधल्या हौदात जहाज घ्यायचं आणि पाणी भरून वर उचलायचं.

माझी ड्यूटी जहाजाच्या मागच्या टोकाला, दोरांवर. आमची रुंदी 32 मीटरच्या वर, हौदाची साडेतेहतीस. भिंतीला हात लागेल असं वाटत होतं. दोन माणसं वल्ह्याच्या होडीतून येऊन पहिला दोर देतात, पुढं रुळावरची इंजिनं दोन्हीकडून जहाज ताणून मधोमध धरतात. मागची दारं मिटली. दोन पानांचं टोक माझ्याकडं, म्हणजे जास्त पाण्याच्या अंगाला. पाणी दाबेल तेवढी ती घट्ट बसतात.

"पंप किती हॉर्सपॉवरचे?" अण्णांनी विचारलं.

पंप नाहीतच. वर 26 मीटरवर गाटून तलाव आहे, चाग्रेस नदी अडवून केलेला. त्याचं पाणी उतारानं भिंतीतल्या 18 फुटी बोगद्यातून हौदात येतं. आठ-दहा मिनिटांत एवढं अवजड जहाज वर. हादरा नाही, आवाज नाही. 1914 पासून हे असंच चाललंय. मी दोर सोडून नुसता बघत राहिलो असतो, इतकं ते सुंदर होतं.

"आणि वापरलेलं पाणी?"

"समुद्रात. एका जहाजामागं सुमारे 20 कोटी लिटर."

"गोडं?"

"गोडं. तिथली शहरं तेच पितात."

अण्णा गप्प झाले. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो, मोरीतले पिंप भरून ठेवलेले असतात. मलाही तलाव ओलांडून पलीकडं गाटूनच्या दारांतून खाली उतरताना, हौद रिकामा होताना, पोटात कालवल्यासारखं झालं होतं. पण तिथं एक चांगलं पाहिलं. दुष्काळामुळं आमच्या हौदातलं पाणी थेट खाली न सोडता आधी शेजारच्या रिकाम्या हौदात देत होते. दोन्हीकडं पातळी सारखी झाली की बाकीचं खाली. वेळ जास्त लागला, पण निम्मं वाचलं.

"शेजारच्या चारीला फिरवलं म्हण की!" अण्णांनी कॅलेंडरचं मागचं पान आणि पेन्सिल घेतली. दोन हौद काढले. बराच वेळ बघून बाजूला पायऱ्यांसारख्या टाक्या काढल्या. "ह्या बांधल्या तर उरल्यातलंबी धरून ठेवता येईल. वरचं वरच्या टाकीत, खालचं खालच्या. परत हौद भरताना हेच घ्यायचं."

मी फोनवर 2016 साली सुरू झालेल्या नव्या दारांचा फोटो शोधून दाखवला. प्रत्येक हौदाशेजारी तीन टाक्या, 60 टक्के पाणी पुन्हा वापरात.

अण्णांनी चष्मा लावून टाक्या मोजल्या. "तीनच का?" म्हणाले, आणि पानावर चौथी काढायला घेतली.