मोठी बी आणि तिच्यातला गर

आमच्या बागेत आजोबांनी बी टोकून लावलेले गावठी काजू आहेत, वडिलांनी लावलेली वेंगुर्ला-४ ची कलमे आहेत आणि मी लावलेल्या वेंगुर्ला-७ व वेंगुर्ला-८ यांच्या दोन ओळी आहेत. हंगामात चारही प्रकारच्या बिया खळ्यात वेगवेगळ्या वाळत घातल्या, की पाहुण्यांचा हात हमखास वेंगुर्ला-८ च्या ढिगाकडे जातो, कारण ती बी खरोखरच दिमाखदार असते. मीही काही वर्षे त्याच दिमाखाला भुललो होतो.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने या जाती निरनिराळ्या संकरांतून काढल्या. (वेंगुर्ला-१ आणि वेंगुर्ला-२ मात्र संकर नव्हेत, त्या निवडीतून आलेल्या जाती आहेत, आमच्याकडे सगळ्यांनाच सरसकट ‘हायब्रीड’ म्हणतात.) मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातून वेंगुर्ला-४ ही जात १९८१ साली आली. तिची बी सरासरी ७.७ ग्रॅम वजनाची असून तीत गराचे प्रमाण ३१ टक्के असते. वेंगुर्ला-३ आणि एम १०/४ या दोन वाणांपासून झालेल्या वेंगुर्ला-७ ची बी १० ग्रॅमची आणि गर ३०.५ टक्के. वेंगुर्ला-८ ची आई वेंगुर्ला-४, बाप पुन्हा तोच एम १०/४. तिची बी ११.५ ग्रॅमपर्यंत जाते, पण गर २८ टक्क्यांवर उतरतो.

आता हा हिशेब एका बीपुरता मांडून पाहावा. वेंगुर्ला-४ मध्ये सुमारे २.४ ग्रॅम गर मिळतो, वेंगुर्ला-७ मध्ये ३.०५ ग्रॅम आणि वेंगुर्ला-८ मध्ये ३.२ ग्रॅम. म्हणजे वेंगुर्ला-७ वरून वेंगुर्ला-८ वर जाताना बी दीड ग्रॅमने वाढली, परंतु गर जेमतेम पाव ग्रॅमही वाढला नाही. उरलेले सारे टरफलात गेले. बी वजनावर विकणाऱ्या बागायतदाराला ते टरफलही पैसे देते, शिवाय किलोभर बी गोळा करायला चारच्या १३० बिया वेचाव्या लागतात, तर आठच्या ८७ पुरतात, आणि आज वेचणीला माणूस मिळत नसताना ही सोय लहान नाही. मात्र बी घरीच फोडून गर विकायचा असेल, तर हिशेब उलटतो.

गराची प्रत एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे गर बसतात यावर ठरते. वेंगुर्ला-७ चा गर डब्ल्यू-१८० (पौंडात १८० पर्यंत गर) या प्रतीत बसतो आणि वेंगुर्ला-४ चा डब्ल्यू-२१० मध्ये. फोडताना गर दुभंगला, की त्याची पाकळी होते आणि मग त्याच्या आकाराचे मोल राहत नाही.

या जातींची बी पेरून तशीच झाडे मिळतील, ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आढळते. बीचे टरफल आईच्या झाडाचे असते, पण आतला गर हा नव्या पिढीचा गर्भ असतो आणि परागकण कुठल्या झाडावरून आले हे कोणीच पाहिलेले नसते. म्हणून गावठी रोपाच्या कोवळ्या खुंटावर हव्या त्या जातीची काडी बांधून मृदुकाष्ठ कलमच करावे लागते. आजोबांची दोन झाडे याच कारणाने एकमेकांसारखी नाहीत: एकाची बी चपटी आणि बारीक, तर दुसऱ्याची टपोरी. त्या चपट्या बीच्या ओल्या काजूगरांची उसळ मात्र आमच्या घरात अजूनही पहिल्या पसंतीची आहे, म्हणून ते झाड मी तोडलेले नाही.