काळ्या दगडाच्या गावात साच्यातला दगड

बैठकीच्या खोलीतल्या शेकोटीच्या भिंतीला खरा दगड सोडून साच्यात ओतलेला का लावला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे थंडीत येणारा पाहुणा आधी शेकोटीपुढे हात धरतो, मग बोटाच्या पेरानं भिंतीवरच्या दगडावर टकटक करतो आणि विचारतो, "वहिनी, खरा आहे का हो?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "काळारामाच्या गावात राहून खोटा दगड?"

(नाशकात शेकोटी हवीच कशाला, असंही काहीजण विचारतात. त्यांनी जानेवारीत एकदा पहाटे निफाडला जाऊन यावं.)

मला काळा दगडच लावायचा होता. काळाराम मंदिर त्याचंच, पांडवलेणी त्याच्यातच कोरलेली, आमच्या जुन्या घराचं जोतंही त्याचंच. पण ही बैठकीची खोली पहिल्या मजल्यावर. 4 इंच जाडीचा घडीव बेसाल्ट, म्हणजे हाच काळा दगड, चौरस फुटाला 27 किलोच्या आसपास भरतो आणि आमची भिंत 60 चौरस फुटांची. म्हणजे दीड टनाच्या वर. इंजिनिअरनं आकडा कागदावर लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि चहा प्यायला.

मग इंचभर जाडीचा, मशीनवर कापलेला काळा दगड बघितला. वजनाचा प्रश्न तिथंच मिटला होता, खोटं कशाला बोलू. पण नमुन्याच्या भिंतीचा कोपरा बघितला आणि मन उडालं. दोन बाजू मिळतात तिथं पातळ कापाची कड दिसत होती, पत्त्यांच्या बंगल्यासारखी. कडा तिरक्या घासून जोडल्या तरी कोपऱ्यावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ राहतेच. साच्यातल्या दगडाचे कोपऱ्याचे तुकडे मात्र वेगळे ओतलेले असतात, काटकोनात वळलेले, एक बाजू लांब आणि एक आखूड. एका थरात लांब बाजू डावीकडे, पुढच्या थरात उजवीकडे, असे लावत गेलं की वाटतं, अख्खा दगडच बसवलाय. मी त्या कोपऱ्याला भुलले. वजनाचं कारण लोकांना सांगायला बरं पडतं, एवढंच.

हा दगड म्हणजे सिमेंट, हलकी खडी आणि रंग. खऱ्या दगडावरून घेतलेल्या साच्यात ओततात, म्हणून चेहरा खऱ्याचा येतो. रंग मात्र बहुतेक वेळा वरवरच असतो. दिवाळीत आकाशकंदिलासाठी खिळा ठोकायला गेले, टवका उडाला आणि आतून राखाडी सिमेंट डोकावलं.

विकणाऱ्यानं सुचवलं होतं, जाळ होतो तिथं आतसुद्धा हाच लावा, सिमेंट कुठं जळतंय? जळत नाही हे खरं. पण घट्ट झालेल्या सिमेंटच्या पोटात पाणी बांधलेलं असतं. धग वाढेल तसं ते सुटत जातं आणि चार-पाचशे अंशांपर्यंत सिमेंट ठिसूळ होऊन तडकतं. आमच्या गवंडीकाकांनी एवढं काही सांगितलं नाही. ते म्हणाले, "नदीतला गोटा चुलीत घालतो का आपण? आत फायर ब्रिक, म्हणजे जाळात टिकणारी वीट, आणि तिला धग सोसणारा मसाला. तुमची हौस शेकोटीच्या तोंडाच्या बाहेर." तसंच केलं. दुकानात फोमचे हुबेहूब पॅनेलही मिळतात, बोटानं दाबले की दबतात. ते आगीजवळ अजिबात नकोत.

एक चूक मात्र माझी. एका साच्यातून तोच दगड पुन्हापुन्हा निघतो, म्हणून सगळे खोके फोडून दगड आधी जमिनीवर पसरायचे, सरमिसळ करायची, मग भिंतीला हात लावायचा. पहिल्या दिवशी केलं. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात अडकले आणि काकांनी हाताला येईल तो उचलला. भिंतीवर पाणी मारताना माझ्या लक्षात आलं. डाव्या टोकाला तीच खाच, मधोमध तोच फुगवटा, दोन दगड शेजारीशेजारी. बदलायचं तर आजूबाजूचे चार फुटले असते.

टकटक करणाऱ्या एकाही मोठ्या माणसाला ते दिसले नाहीत. गेल्या थंडीत भाच्याची मुलगी द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या जाळात सरकवत बसली होती. मध्येच थांबून म्हणाली, "आजी, हे दोघं जुळे आहेत." मग मी तिला तिसराही दाखवला. तो वर, सागवानी फळीवरच्या समईमागे लपवलाय.