फर्स्ट इयरच्या पोरांना सीपीची (काँपिटिटिव्ह प्रोग्रॅमिंग, म्हणजे कोडिंगच्या स्पर्धांची) गोडी लावताना: माझा अनुभव

कॉलेजच्या कोडिंग क्लबचं काम माझ्याकडे आलं तेव्हा पहिल्या सेशनला हॉल भरायचा आणि महिन्याभरात आमचे आम्हीच उरायचो. कारण उघड होतं, पहिल्याच दिवशी कोणीतरी सिनियर फळ्यावर सेगमेंट ट्रीसारखं अवघड डेटा स्ट्रक्चर काढायचा, आणि ज्याला अजून फॉर लूपच धड जमत नाही तो मान डोलवून जो जायचा तो परत यायचाच नाही.

मग ठरवलं की पहिल्या दिवशी लेक्चरच नाही. कोडफोर्सेसवर (जिथे कोड टाकला की साईट लगेच तपासून देते) अकाउंट उघडा आणि 4ए नंबरचा प्रॉब्लेम सोडवा, म्हणजे ते वॉटरमेलन. 1 ते 100 किलोमधलं एक कलिंगड, दोन भाग करायचे, दोन्हींचं वजन सम हवं, जमेल का तेवढं सांगायचं. बरेच जण झटक्यात लिहितात की वजन सम तर येस, आणि येतं राँग आन्सर. "दादा, साईटचीच गडबड आहे," असंही ऐकून घेतलं 😄 आम्ही फक्त म्हणायचो, छोटे आकडे कागदावर करून बघ. एकजण 8, 6, 4 करत खाली आला, 2 ला थांबला, 1 आणि 1 लिहिलं आणि स्वतःशीच "अर्रर्र" म्हणाला. लगेच दुसरं सबमिशन, हिरवं ॲक्सेप्टेड. पोस्टर, स्टोऱ्या, प्लेसमेंटचं गाजर, सगळं आधी करून झालेलं, पण पोरं पुढच्या आठवड्यात परत आली ती या हिरव्यामुळे.

नंतर सीएसईएस या प्रॉब्लेमच्या साईटवरचा पहिलाच प्रॉब्लेम, वियर्ड अल्गोरिदम. सम असेल तर निम्मा, विषम असेल तर तिप्पट अधिक एक, 1 येईपर्यंत. इंट (छोट्या आकड्यांचा डेटा टाइप) वापरलं की सॅम्पल पास आणि पुढे कुठेतरी बोंब. त्यांना 113383 टाकून सगळे आकडे प्रिंट करायला लावलं, मध्येच मायनस आकडा दिसला की लाँग लाँग (मोठ्या आकड्यांचा टाइप) कशाला ते वेगळं शिकवावं लागत नाही. कन्स्ट्रेंट्सचंही (प्रॉब्लेममध्ये दिलेल्या इनपुटच्या मर्यादांचंही) तसंच, इनपुटचा आकार एन 2 लाख असेल तर लूपमध्ये लूप म्हणजे 4 हजार कोटी स्टेप्स, आणि सेकंदाला ढोबळ 10 कोटी धरायच्या, आता तूच सांग टीएलई (टाइम लिमिट एक्सीडेड, म्हणजे वेळेत कोड संपला नाही) का आला.

खरी गळती रेटिंगमुळे होते असं माझं मत. थेट कोडफोर्सेसची डिव्ह 2 काँटेस्ट दिली, एकही सुटला नाही, हँडल राखाडीच (सगळ्यात खालच्या रेटिंगचा रंग) राहिलं की माणूस गप्प होतो. म्हणून आधी सोपी डिव्ह 4 किंवा ॲटकोडर या दुसऱ्या साईटची बिगिनर काँटेस्ट द्यायला लावतो, आणि त्याच रात्री न सुटलेला फक्त एक प्रॉब्लेम अपसॉल्व्ह (स्पर्धेनंतर सोडवणं), एडिटोरियल (उत्तराचं स्पष्टीकरण) अर्धा तास डोकं खाजवल्यावरच उघडायचं (हे कितीजण पाळतात देव जाणे).

मजा आली ती आयसीपीसी (कॉलेजांच्या टीमची जागतिक कोडिंग स्पर्धा) स्टाईल सराव स्पर्धेत. तिघांत एकच कॉम्प्युटर, पाच तास, आणि प्रॉब्लेम सुटला की त्याआधीच्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनचे 20 मिनिटं पेनल्टी. फुगेही आणले, प्रत्येक सुटलेल्या प्रॉब्लेमला एक. एका टीममध्ये दोघं कीबोर्डवरून भांडत होते आणि तिसरी निवांत कागदावर पुढचे दोन सोडवून बसली होती, त्यांच्याच टेबलावर जास्त फुगे झाले. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या हातात रफ वह्या.

आता डीपी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, छोट्या भागांची उत्तरं साठवून मोठं उत्तर काढणं) सुरू करायचंय. नेहमीच्या फिबोनाचीच्या उदाहरणापेक्षा ॲटकोडरच्या डीपी काँटेस्टमधला बेडूकवालाच पहिला देणार, एक किंवा दोन दगड पुढे उडी, कमीत कमी खर्च. आधी रिकर्शन लिहू दे, टीएलई येऊ दे, मग मेमो (काढलेली उत्तरं साठवून ठेवणं).