राणीच्या बागेत, पेंग्विन सोडून

भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो आणि पेंग्विन न बघता परत आलो, हे ऐकून घरी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. सोबत आत्या होती. तिला झाडंच बघायची होती, आणि माझ्या मते या बागेत बघायचं तेच आहे.

ही बाग सरकारने नव्हे, बागकामाची हौस असलेल्या लोकांच्या संस्थेने उभी केली. पश्चिम हिंदुस्थानची अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी. तिची आधीची बाग शिवडीला होती. तिथे पुढे 1865 च्या सुमारास ख्रिस्ती दफनभूमी झाली. भायखळ्याची बाग 19 नोव्हेंबर 1862 ला मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. जॉर्ज बर्डवूड आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे दोघे डॉक्टर बागेमागेही होते आणि आज भाऊ दाजींचं नाव असलेल्या म्युझियममागेही, म्हणून दोन्ही एकाच आवारात. 1873 मध्ये बाग नगरपालिकेकडे गेली. प्राणी नंतर आले, ही गोष्ट पिंजऱ्यांपुढच्या गर्दीत कुणाच्या गावीही नसते.

आत्या कैलासपतीपाशी जी रेंगाळली ती हलेचना. फुलं फांद्यांना नाहीत, थेट खोडातून लोंबणाऱ्या दांड्यांवर. खाली पडलेलं एक तिने उचललं: जाड गुलाबी पाकळ्या, मधे बारक्या केसरांची पिंडी आणि तिच्यावर नागाने काढावा तसा फणा. वास बोटांना बराच वेळ राहिला. खोडालाच तोफगोळ्याएवढी फळंही लागतात, तेव्हा झाडाखाली फार वेळ उभं राहू नका.

गोरखचिंचेचं अवाढव्य खोड आणि पानाचा द्रोण झालेला कृष्णवड शोधून बघा. ब्रह्मदेशचं उर्वशी नावाचं झाड फुलतं ते साधारण हिवाळा सरताना. लाल फुलांचे घोस दिसले तर नशीब समजा. पाट्या सगळ्या झाडांना नाहीत, म्हणून माहितगार सोबत असेल तर उत्तम. 2007 च्या सुमारास इथे आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचा घाट घातला गेला, तेव्हा झाडांवर गदा येईल म्हणून नागरिकांनी 'सेव्ह राणी बाग' समिती काढून तो आराखडा अडवला. याच मंडळींनी झाडं ओळखायला लावणाऱ्या फेऱ्याही काढल्या आहेत. अशी फेरी ठरलेली असेल तर तोच दिवस धरा.

भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरा, दहा मिनिटांची चाल आहे. टॅक्सीवाल्याला 'राणीची बाग' म्हटलेलं पुरतं. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिकीट मोठ्यांना 50 रुपये, आईवडील आणि दोन मुलं मिळून 100; दर बदललेत का ते निघण्याआधी बघून घ्या. शनिवार-रविवार टाळा. सकाळी बाग उघडताच आत शिरा आणि सगळी गर्दी पेंग्विनकडे वळली की तुम्ही झाडांकडे वळा. झाडांसाठी दोन तास तरी हाताशी ठेवा, वयस्कर माणूस सोबत असेल तर जास्तच. पाण्याची बाटली हवीच. म्युझियमच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यासाठी वेगळं जायला नको, वाटेतच दिसतो.

बुधवारी बाग बंद असते. त्या बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद.