सांगलीच्या असून खांडेकर आवडत नाहीत?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. गेली तीस वर्षे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, वाचनालयाच्या खिडकीपाशी आणि एकदा तर दातांच्या दवाखान्यात, तोंड उघडे असताना, विचारला गेला आहे. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले, तेव्हा सांगलीकराला ‘ययाति’ न आवडणे म्हणजे कृष्णेच्या पाण्याला नावे ठेवणे, असा विचारणाऱ्याचा स्वर असतो. जिल्ह्यावरूनच आवड ठरायची असेल, तर वाटेगावच्या अण्णा भाऊंची ‘फकिरा’ आमच्या घरातल्या कपाटात का नव्हती, हेही कोणीतरी विचारायला हवे होते. ती मी चाळिशीत वाचली, तीही पुतणीला अभ्यासाला होती म्हणून. त्याबद्दल मला कोणी छेडत नाही.

१९८७ च्या उन्हाळ्यात वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, डोळ्याचा पडदा सरकला. मिरजेत ऑपरेशन झाले आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना पडून राहण्यास सांगितले गेले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, विलिंग्डन कॉलेजात शिकणारी आणि नेमाड्यांची ‘कोसला’ डोक्यात गेलेली मुलगी होते. त्या कादंबरीतल्यासारखे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ घातल्याशिवाय माझे वाक्य पुरे होत नसे. नाना म्हणाले, “रोज दुपारी ‘ययाति’ वाचून दाखव.” खांडेकरांना १९७४ चे ज्ञानपीठ जाहीर झाले तेव्हा नानांनी गल्लीत पेढे वाटले होते. बापाने मुलाचे तारुण्य मागण्याची गोष्ट ऐकण्यासाठी नाना माझी सुट्टी मागत आहेत, असा विनोद मी मैत्रिणींना सांगितला. तो आज लिहिताना हात अडखळतो.

वाचताना एखादे वाक्य फार नटलेले वाटले की मी ते गाळू लागले. आधी एखादी ओळ, मग परिच्छेद, आणि देवयानीच्या निवेदनातली तर सलग दोन पाने. पाचव्या दिवशी नानांनी विचारले, “शर्मिष्ठा इतक्यात बोलायला लागली?” मी “हो” म्हणाले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग गाळलेला एक उतारा त्यांनी पट्टीखालून, संथपणे, तोंडपाठ म्हणून दाखवला. मी पुस्तकात बोट ठेवून ताडून पाहत होते. त्यांचे दोनच शब्द चुकले. “तुला नको असेल तर वाचू नकोस,” ते म्हणाले, “पण मला दिसत नाही म्हणून कापू नकोस.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेजारच्या सातवीतल्या मुलाला बोलावले. तो प्रत्येक जोडाक्षराला अडखळत असे, पण ओळ सोडत नसे. मी आतल्या खोलीतून ते ऐकत राहिले आणि मला त्या मुलाचाच राग आला.

मग ही नावड म्हणजे अपराधी भावनेचे सोंग आहे का? मुळीच नाही. त्यानंतर दोनदा, एकही ओळ न गाळता, मी ‘ययाति’ वाचली आहे. देवयानीचा संताप अस्सल आहे, हे तेव्हा मला कळले नव्हते, ते कबूल करते. पण सगळीच पात्रे व्यासपीठावरून बोलल्यासारखी बोलतात, हे माझे मत कायम आहे. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला मात्र आज विचारावेसे वाटते, की ज्या ‘कोसला’च्या जोरावर तू नानांना फसवलेस, तिच्यातले आता मला काय उरले आहे? नायकाच्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पाने अजूनही वाचवत नाहीत; नायक पांडुरंगाच्या बाकीच्या रुसव्याफुगव्यांचा कंटाळा येतो. ‘मृत्युंजय’साठी शाळेत असताना उशी भिजवली होती, पुढे पन्नास पानांपलीकडे जाता आले नाही. ‘रणांगण’ मी सर्वांना सुचवते आणि नुकतीच पुन्हा वाचल्याचे खोटेच सांगते, कारण त्यातल्या नायिकेला, हर्टाला, पुन्हा भेटण्याची माझी हिंमत नाही. एकट्या ‘बनगरवाडी’शी माझे कधी भांडण झाले नाही. ती मी आटपाडीच्या मावशीला दिली, तर तिने दोन दिवसांत परत केली. “ह्यात काय हाय? आमच्यात असंच असतंय,” असे ती म्हणाली, आणि माडगूळकरांची याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

नानांनी म्हणून दाखवलेला तो उतारा मला आजही अनावश्यक वाटतो. त्यांच्या हयातीत हे मी त्यांना सांगितले नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही विचारलेत.