मधली पुस्तकं

इंग्लंडमध्ये मी जुनी पुस्तकं विकत घेण्याचं काम करते. लोकांना वाटतं, या धंद्यात पुस्तकांची पारख लागते. लागते, पण नाक त्याहून जास्त लागतं. बुरशीचा वास वेळेवर आला नाही, तर एका खोक्यापायी गोदामातली अख्खी रांग जाते. आणि माणसं ओळखावी लागतात. ‘सगळं घेऊन जा’ म्हणणारेच गाडी निघताना दारात येऊन अर्धं परत मागतात.

‘डॉक्टर हू’च्या कादंबऱ्यांचा पूर्ण संच विकायचाय, असा एका गृहस्थांचा फोन आला तेव्हा आमचे मालक खुर्चीत सरसावून बसले. १९६३ पासून चाललेली ही विज्ञानकथांची टीव्ही मालिका बीबीसीने डिसेंबर १९८९ मध्ये थांबवली. संपली असं रीतसर कोणी सांगितलंच नाही, नुसता पुढचा सीझन आला नाही. मग व्हर्जिन प्रकाशनाने परवाना घेऊन जून १९९१ पासून कथा कादंबऱ्यांतून पुढे नेली. तोच सातवा डॉक्टर (काळातून फिरणाऱ्या या नायकाचं रूप आणि नट अधूनमधून बदलतात), तीच त्याची सोबतीण एस. १९९७ पर्यंत या मालेत ६१ कादंबऱ्या निघाल्या. नवख्यांनी, चाहत्यांनी आपणहून पाठवलेली बाडंही हे प्रकाशक वाचत, आणि त्यातूनच लेखक मिळवत. रसेल टी. डेव्हिस आणि मार्क गेटिस या नावाजलेल्या टीव्ही-लेखकांनीही या मालेत लिहिलं. २००५ मध्ये मालिका टीव्हीवर परतली ती डेव्हिस यांच्याच हाताखाली.

आमच्याकडची तरुण मुलं बारकोडवर फोन धरतात, फोन म्हणेल तो भाव. या मालेतल्या बहुतेक पुस्तकांना फोन जवळपास काहीच देत नाही, शेवटच्या काहींना मात्र भरपूर. ती बाजारात क्वचित दिसतात. पण प्रत कशी आहे हे फोनला कुठे कळतं? मी आधी कणा बघते. दर वाचनाला त्यावर एक पांढरी सुरकुती पडते. मग पानांच्या कडा, कारण नव्वदच्या दशकातला स्वस्त कागद बाहेरून आत तपकिरी होत जातो. मग पुस्तक मधोमध हळूच उघडायचं. डिंक वाळला असेल तर करकर ऐकू येते, आणि ती आली की तिथेच मिटायचं. हे मी कितीदा शिकवलंय. मुलं मान हलवतात आणि पुन्हा फोन काढतात.

गृहस्थ साठीचे असतील. त्यांनी टेबलावर आधीच दोन ढीग लावून ठेवले होते. मला वाटलं, महागडी ठेवणार आणि बाकीची आमच्या गळ्यात मारणार. नेहमी तसंच होतं.

“ही न्या,” म्हणत त्यांनी १९९६-९७ ची पुस्तकं पुढे सरकवली. म्हणजे नेमकी महागडी.

मी म्हटलं, “संच फोडू नका. एकत्र जास्त मिळतील. आणि फोडायचाच असेल तर ही शेवटी विका.” गिऱ्हाइकाला असा सल्ला दिलेला मालकांना आवडत नाही, पण ते तिथे नव्हते.

“किंमत माहीत आहे मला,” ते म्हणाले. “परवाना जाणार हे कळल्यावर लिहिलेली आहेत ही. सगळे धागे बांधायची घाई. मला बांधलेलं नको होतं.”

१९९६ मध्ये पॉल मॅकगॅन हा नट नवा डॉक्टर झालेला टीव्हीपट आला आणि बीबीसीने कादंबऱ्या आपल्याकडे घेतल्या, हा इतिहास मला ठाऊक होता. पण तो कोणाला असा लागलेला पाहिला नव्हता.

ठेवायच्या ढिगात १९९२ ते ९५ ची पुस्तकं होती. डॉक्टरला शेरलॉक होम्स भेटतो ते. बर्निस समरफील्ड ही पुरातत्त्वज्ञ बाई पहिल्यांदा येते ते. पॉल कॉर्नेलची १९९५ ची कादंबरी, जिच्यावरून त्यानेच २००७ मध्ये टीव्हीचे दोन भाग लिहिले. कण्यांवर सुरकुत्याच सुरकुत्या. आमच्या हिशेबात रद्दी.

“तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं,” ते म्हणाले. “बीबीसीचंही नाही. लेखकांना वाटेल ते करता यायचं. टीव्हीवर आल्यावर लोक म्हणाले, काय गोष्ट आहे! मी ती बारा वर्षं आधी बसमध्ये वाचली होती.”

मला हे पटत चाललं होतं. पण घरात हीटिंग बंद होतं आणि त्यांच्या अंगात कोट होता. नेमकं जे विकून पैसे येतात, तेच आपल्याला आवडत नाही असं माणूस ठरवू शकतो. दागिने मोडताना ‘तशीही जुन्या घडणीची होती’ म्हणणाऱ्या बायका मी आमच्याच घरात पाहिल्या आहेत. म्हणून त्यांनी दिलेल्या पुस्तकांचे कणे पुन्हा पाहिले. सुरकुती होती, पण एकेकच. वाचली होती, परत उघडली नव्हती. याने त्यांचं म्हणणं सिद्ध होतं का? महाग होणारी प्रत जपून ठेवणाराही दुसऱ्यांदा उघडत नाही.

मी रास्त भाव दिला. मालकांच्या मते जास्तच. ते म्हणाले, “म्हातारा हुशार आहे, रद्दी ठेवून घेतली म्हणून आपल्याला कळवळा आला.” मालकांना सगळीकडे घासाघीसच दिसते. धंदा त्यांचा चालतो, हेही खरं.

पुस्तकं विकली गेली, सुटी सुटी. मागच्या महिन्यात त्या गृहस्थांची मेल आली. होम्सवाल्या पुस्तकाची पानं सुटली आहेत, बरी प्रत आली तर बाजूला ठेवा, पैसे देईन. मी मालकांना दाखवली. ते म्हणाले, दुप्पट लाव.

मी प्रत शोधते आहे. दुप्पट लावणार नाही.