क्लाउनफिशची जोडी भांडते तेव्हा

टाकीत पाळलेल्या क्लाउनफिश या समुद्री माशांच्या जोडीत धाकटा मासा मोठ्या मादीसमोर आडवा होऊन थरथरतो, ते पाहून अनेकांना तो आजारी वाटतो. ती शरणागती आहे, आणि ती दिसली तर जोडी जमतेय असं समजा. क्लाउनफिशमध्ये मादी जन्मजात नसते. जोडीतला वरचढ मासा मादी होतो, दुसरा नर राहतो. त्यामुळे अधूनमधून पाठलाग, शेपटीला एखादा चावा, हे चालायचंच. रात्री पाण्याच्या वरच्या थरात तिरकं होऊन झोपणंही नेहमीचंच.

काळजी कधी करायची? दबलेला मासा कोपऱ्यात अडकून पडला, खायला येईना, पर फाटले किंवा श्वास जोरात चालू लागला, की त्याच दिवशी वेगळं करा. भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात दबलेल्याला नव्हे, दादागिरी करणाऱ्या माशाला ठेवा, साधारण १ ते २ आठवडे. तेवढ्यात दुसरा टाकीत स्थिरावतो. सोडण्याआधी खडकांची मांडणी बदला, म्हणजे जुनी हद्द मोडते. दोघंही मादी झालेले असतील तर मात्र हा उपाय फुकट. एक मासा परत द्यावाच लागतो. म्हणून घेतानाच एक मोठा, एक स्पष्टपणे लहान घ्या. जोडीत तिसरा कधीच नको. ‘मरून’ (maroon, गडद तांबड्या रंगाच्या) क्लाउनफिशच्या जातीत तर आकारातला फरक ठळकच हवा, ती फार तापट.

जमलेली जोडी अचानक चिडकी झाली आणि एकच दगड तोंडाने घासत बसली, तर अंडी येणार. तेव्हा टाकीत हात घालाल तर चावा मिळेल.